मागे? आहे.

हवा भरून झाली? मग तो पंप ठेव तिकडे कोपऱ्यात. आणि तू, मोबाईल उलटा ठेव बघू. खालून उजेड पडला की तुझं तोंड आणखीच बिघडतं, आणि आज रात्री मला आणखी एक भूत नकोय.

मघाशी कोण म्हणालं, उद्या रांगेत शेवटी असेल त्याने 'आहे' म्हणून ओरडायचं? तू ना? तर नाही. आपल्या मंडळात तोंडाने उत्तर द्यायचं नाही. पुढच्याने विचारायचं, शेवटच्याने घंटी वाजवायची. म्हणून तर मी दुपारभर तुमच्या त्या महागड्या सायकलींना घंट्या बसवत होतो आणि तुम्ही दात काढत होतात, 'काका, आम्ही काय दूध घालायला निघालोय का?' हसा. आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरू केलं की मध्ये कोणी हूं की चूं करायचं नाही. मला राग येतो.

माझ्या सायकलच्या दुकानासमोर एक चष्म्याचं दुकान होतं. मालकाला सगळी गल्ली दाजी म्हणायची. खरं तर तो एकाचाच दाजी, म्हणजे त्याच्या मेहुण्याचा. पण मेहुणा दिवसातून पन्नास वेळा रस्त्यात उभा राहून 'ओ दाजीऽ' करायचा, मग आम्हालाही तीच सवय लागली. त्या मेहुण्याला सगळे शेपूट म्हणायचे. हे नाव बहिणीने ठेवलेलं. आईबाप लवकर गेले, हा लहान, ती थोडी मोठी. तिनेच वाढवला. ती बाजारात निघाली की हा मागे, पाण्याला निघाली की हा मागे. लग्न होऊन दाजीकडे आली तेव्हाही हा मागून आलाच. दाजी म्हणायचा, 'बायको एक केली, पण जेवायला दोघं बसतात.' म्हणायचा आपला. जीव होता त्याचा पोरावर.

पोर म्हणजे काय, ऐन तिशीतला बाप्या. पोट सुटलेलं, गालावर सदा हसू. वीज कंपनीत मीटर रीडिंगचं काम. दारोदार जाऊन आकडे टिपायचे आणि लोकांच्या शिव्या खायच्या. 'मीटर पळतंय' म्हणून कोणी अंगावर आलं की हा शांतपणे म्हणायचा, 'काकू, माणूस खोटं बोलेल, मीटर नाही बोलणार.' हे त्याचं पालुपद. सायकलला किलोमीटर मोजायचं मीटर लावायचं खूळही त्याचंच. माझ्याकडून दोन मागवली, एक स्वतःच्या सायकलला, एक दाजीच्या. निघताना दोन्ही शून्य करायचा, आणि वाटेत दर थोड्या वेळाने आकडा मोठ्याने वाचायचा. दाजी वैतागायचा. 'अरे, घरी तरी नोकरी करू नकोस!'

दाजी मात्र सायकलवर बसला की वेगळाच माणूस. दुकानात मऊ बोलणारा, पण रस्ता लागला की मान खाली, पाय सुरू. आपल्याकडे चढ कुठे आहेत? सगळं ताटासारखं सपाट. तळी, दलदल, लव्हाळी, आणि मधून बांधावरून गेलेला एकपदरी रस्ता. आपल्याकडे चढ म्हणजे वारा. तो समोरून आला की चांगल्या चांगल्यांची हवा निघते. शेपटाची तर लगेच निघायची. मग तो दाजीच्या मागच्या चाकाला चिकटून यायचा, कारण पुढचा वारा कापतो आणि मागच्याला जरा सोपं जातं. तुम्हाला हे माहीत आहे, पण मी सांगतोय तर ऐका.

आणि रांगेत पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, हेही माहीत आहे. मान वळली की हँडल वळतं, हँडल वळलं की चाक डांबरावरून खाली, आणि खाली सरळ पाणी. म्हणून बघायचं नाही, विचारायचं. 'मागे?' की मागच्याने ओरडायचं, 'आहे!' त्या रस्त्यावर पाच मोऱ्या आहेत, रस्त्याखालून पाणी काढायला बांधलेले छोटे पूल. दर मोरीवर विचारायचं, ही पद्धत. शेपूट नुसतं 'आहे' म्हणून गप्प बसणारा नव्हे. तो धापा टाकत ओरडायचा, 'आहे दाजी! जिवंत आहे!' प्रत्येक वेळी तेच. प्रत्येक वेळी स्वतःच हसायचा.

तर ज्या रात्रीची ही गोष्ट, तिच्या आधीच्या रविवारी दाजीने घोटाळा केला. पाठीवर वारा होता, पायात जोर होता, आणि गडी विचारायचंच विसरला. सुसाट घरी. इकडे शेपटाची सायकल मागे पंक्चर. पंप दाजीकडे, फोनची बॅटरी गेलेली. बिचारा अंधारात सायकल ढकलत आला. दारात आल्यावर त्याने काय करावं? हसला. 'ताई, आज मीटर चालतच वाढलं.' पण ताई नाही हसली. दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. वाढायची, तेही ताट आपटून.

आता मंगळवार. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. अमावस्या बिमावस्या काही नव्हती, उगाच मनाने भर घालू नका. चांगला अर्धा चंद्र होता. तळ्यांच्या पलीकडच्या गावात एक बाई राहायच्या. रिटायर्ड शिक्षिका, एकट्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा दाजीकडे तयार. दुपारी त्यांचा फोन आला, 'सकाळच्या बसने मुलीकडे जाते आहे, चष्मा आजच मिळाला तर फार बरं होईल.' दाजी म्हणाला, आणून देतो. स्कूटर होती घरी. पण दोन आठवड्यांवर शर्यत आलेली, दोघांनी नावं दिलेली. म्हटलं, सरावही होईल.

बायको फाटकापर्यंत आली. दोन दिवसांनी पहिल्यांदाच नवऱ्याशी धड बोलली. काय बोलली ते नीट ऐका. म्हणाली, "अहो, बरोबर नेताय ना, मग बरोबरच आणा. त्याला एकट्याला मागे सोडू नका."

"नाही सोडत."

"रविवारीही असंच म्हणाला होतात."

"अगं, दर मोरीवर विचारीन. एकही मोरी चुकवणार नाही. झालं समाधान?"

"विचारा म्हणजे झालं," ती म्हणाली.

शेपटाने वाकून दोन्ही मीटरं शून्य केली. "चला दाजी, कोरी पाटी!"

जाताना मजेत गेले. वारा पाठीवर, उजेड होता, बगळे झाडावर परतत होते. शेपूट आकडे वाचत होता. चौथी मोरी ओलांडली, जिचा एका बाजूचा कठडा तुटलाय. तुम्ही उद्या बघालच. तिथे रस्त्यातच हा एवढा खड्डा. शेपूट ओरडला, "बारा! बरोब्बर बारा किलोमीटर! दाजी, येताना हा खड्डा लक्षात ठेवा हं, नाहीतर तुमच्या बायकोचा भाऊ जाईल!"

"आणि माझी बायको मला पाठवेल त्याच्या मागे," दाजी म्हणाला. हसले दोघं.

बाईंच्या घरी पोचले. "वीस आणि वीस," शेपटाने दोन्ही मीटरं वाचून जाहीर केलं. बाईंनी चष्मा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं धडाधडा वाचली, मग वळून शेपटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई! तू एकटाच आहेस होय? ऑपरेशनच्या आधी तू मीटर बघायला आलास की मला वाटायचं, दारात दोघं उभे आहेत." शेपूट एवढा हसला की चहा नाकात गेला. दोन कप प्याला.

निघताना बाई म्हणाल्या, "धुकं धरतंय. राहा हवं तर इथेच."

दाजी म्हणाला, "नको. घरी वाट बघत असतील."

आठ वाजून गेले होते.

परतीला वारा समोरून. म्हणजे कसा, जणू कोणी छातीला हात लावून म्हणतंय, कुठे चाललास? तळ्यांवरून धुकं उठून रस्त्यावर यायला लागलेलं. दाजी पुढे, शेपूट मागे. शेपटाच्या सायकलला हा मोठा दिवा होता. त्या दिव्याने दाजीची सावली पुढे रस्त्यावर पडायची, लांबच लांब, पाय हलवणारी. पहिली मोरी आली. दाजी ओरडला, "मागे?"

"आहे दाजी! जिवंत आहे!"

पार तुटक तुटक ऐकू आलं. समोरचा वारा होता ना. पुढच्याचा आवाज मागे जातो, मागच्याचा पुढे येत नाही. घसा फोडून ओरडावं तेव्हा कुठे अर्धं ऐकू येतं. दाजी मनात हसला. बरं वाटलं त्याला. बायकोला सांगायला बरं, की विचारलं.

मग ती तुटक्या कठड्याची मोरी. परतताना दुसरी. दाजीला खड्डा आठवला. एक हात सोडून खाली दाखवायचा असतो खरं तर, पण वाऱ्यात हात सुटेना. ओरडला, "खड्डाऽ!" आणि स्वतः चुकवून गेला. मागे काही आवाज झाला का? वाऱ्यात कळेना. धाडकन असं काही नाही. नुसती लव्हाळी हलल्यासारखी. दाजीने लगेच विचारलं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, त्याने लगेच विचारलं.

"मागे?"

"आहे."

झालं. दाजी पुढे निघाला.

थोडं अंतर गेल्यावर त्याच्या मनात आलं, आज स्वारी थकली वाटतं. 'जिवंत आहे' म्हणाला नाही. थकणारच, एवढा वारा. त्याने मुद्दाम वेग कमी केला. म्हणाला, "दमलास का रे?"

"आहे."

दाजीला हसू आलं. आहे काय, आहे? दमलोय म्हण की. "थांबायचं का जरा?"

"आहे."

"अरे ए, थट्टा पुरे."

दाजीने पुन्हा मान खाली घातली. वारा होताच.

मग तिसरी मोरी. म्हणजे मधली. दाजीने विचारलं, "मागे?" आणि उत्तर आलं, "आहे." आणि तेव्हा दाजीचे पाय पायडलवर थांबले. कारण काय? आवाज स्वच्छ आला. तुटक नाही, ओरडून नाही. आपण आत्ता बोलतोय ना, तसा. शेजारच्या खुर्चीवरून बोलावं तसा. समोर एवढा वारा, आणि हा आवाज वाऱ्यातून आलाच नव्हता.

आणि धाप नाही. शेपूट धापा टाकायचा, हो. सपाटीवरसुद्धा भात्यासारखा वाजायचा. मागे काहीच वाजत नव्हतं. चेन नाही. श्वास नाही.

दाजीने खाली बघितलं. पुढच्या रस्त्यावर.

सावली नव्हती.

त्याची स्वतःची सावली. मघापासून पुढे पळणारी. तीच नव्हती. म्हणजे मागे दिवा नाही. कधीपासून नाही? आठवेना. धुक्यात लक्षच गेलं नव्हतं.

"तुझा... दिवा गेला का रे?"

"आहे."

"पाणी हवंय का? माझ्याकडे..."

"आहे."

पाणी... आहे.

दाजीची ब्रेकवर बोटं गेली. दाबली नाहीत. मला त्याने हे एकदाच सांगितलं, माझ्या दुकानात, शटर अर्धं ओढून. म्हणाला, "वाटलं थांबावं. थांबून वळून बघावं. पण मागे कोणी नसलं तर? आणि... कोणी असलं तर?" त्या दोन्हींची त्याला सारखीच भीती वाटली. मग त्याने काय केलं? वचन पाळलं. बायकोला शब्द दिला होता, दर मोरीवर विचारीन. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं. विचारत राहायचं. उत्तर येतंय तोवर माणूस आहे. असं त्याने स्वतःला समजावलं.

चौथी मोरी.

"मा... मागे?"

"आहे."

आणखी जवळ. खांद्यापाशी.

डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्याच्या. वाऱ्याने नव्हे. तो रडत होता आणि पायडल मारत होता. दोन्हीकडे काळं पाणी. मधे धुकं. मान ताठ. वळवायची म्हटली असती तरी वळली नसती.

पाचवी मोरी. शेवटची. पलीकडे गावाचे दिवे.

दाजीने तोंड उघडलं. अजून काही विचारलं नव्हतं.

"आहे."

...

पाणी पी रे जरा कोणीतरी. मलाही दे.

हां. तर गल्लीत शिरला. फाटक आलं. फाटकावर एक बल्ब होता, बायकोने लावून ठेवलेला. ती दारातच. सायकलचा आवाज ऐकून बाहेर आली. बघते तर नवरा एकटा, पांढरा फटक, सायकलवरून उतरायचंही भान नाही. फाटकाकडे पाठ करून उभा.

तिने विचारलं, "तो कुठाय?"

दाजी कसाबसा बोलला, "मागे..."

तो तिला उत्तर देत होता. विचारत नव्हता. पण बाहेरून, फाटकापलीकडच्या अंधारातून आवाज आला.

"आहे."

तिनेही ऐकलं. भावाचाच आवाज. तिचा जीव भांड्यात पडला. हसून म्हणाली, "मग ये की आत! बाहेर काय उभा? पाहुणा आहेस का?"

ती दोन पावलं पुढे आली.

"अरे ये ना!"

मग टिकटिक ऐकू आली. फ्रीव्हीलची. पायडल न मारता सायकल नुसती ढकलत नेली की वाजते तशी. टिक. टिक. टिक. गल्लीतून लांब जाणारी.

ती दाजीला म्हणाली, "अहो, हा कुठे चालला परत?"

तेव्हा दाजीने वळून बघितलं. त्या रात्री पहिल्यांदा.

गल्ली रिकामी होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, त्यात मला काही गोडी नाही. दाजीने माझं दार बडवलं. आम्ही चौघं जीप घेऊन गेलो. मोऱ्या बघत, टॉर्च मारत. तुटक्या कठड्याच्या मोरीखाली पाण्यात उजेड दिसला. त्याचा तो मोठा दिवा. पाण्याखाली जळत होता. आजूबाजूचं पाणी हिरवं दिसत होतं, त्यात मासे फिरत होते. सायकल लव्हाळ्यात अडकलेली, पुढचं चाक वाकून आठ झालेलं. आणि शेपूट तिच्या शेजारी. पालथा.

पाणी किती होतं? गुडघ्याएवढं. मी स्वतः उतरलो होतो. गुडघ्याएवढं.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, नाकातोंडात चिखल गेला. वेळ विचारली तर म्हणाले, साडेआठ-नऊ. म्हणजे खड्ड्यापाशीच. मग दाजीने नको तो प्रश्न विचारला. डॉक्टर भला माणूस, पण खोटं बोलता येत नव्हतं त्याला. म्हणाला, "लगेच कोणी मागे आलं असतं तर... हो, बहुतेक." दाजी तिथेच खाली बसला.

त्याने विचारलं होतं रे. लगेच विचारलं होतं. आणि उत्तर मिळालं होतं. कोणी दिलं? शेपटाने दिलं म्हणावं तर त्याच्या तोंडात चिखल होता. दुसऱ्या कोणी दिलं म्हणावं तर आवाज त्याचा. दाजीला गेली कित्येक वर्षं हा एकच किडा खातोय. कोणी का दिलं असेना, ते उत्तर आलं नसतं तर तो मागे गेला असता, आणि पोर वाचलं असतं. हे त्याला कळतं आणि कळून काही उपयोग नाही.

दुकान गेलं. डोळे तपासताना हात कापायला लागले, गिऱ्हाईक कोण येणार? आता घरीच असतो. खुर्ची अशी लावतो की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. पाठीमागे मोकळी जागा सोसत नाही त्याला. बायको आहे, त्याच घरात आहे. स्वयंपाक करते, वाढते. ताट आपटत नाही आता. आपटलं असतं तर बरं, असं तोच मला म्हणाला. फाटकावरचा बल्ब रोज लावते. दाजीने एकदा म्हटलं, नको लावूस. तिने फक्त त्याच्याकडे बघितलं. पुन्हा म्हणायची त्याची छाती झाली नाही.

आता मीटरचं सांगतो, मग झोपा.

पंचनामा झाल्यावर सायकल पोलिसांनी माझ्याकडे टाकली. टेम्पोतून आली, आडवी टाकलेली, चिखल तसाच, पुढचं चाक आठच्या आकड्याचं. ते चाक फिरूच शकत नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या, कारण मीटरचा चुंबक त्याच चाकाला, ते फिरल्याशिवाय आकडा सरकत नाही. मी मीटर काढलं. कापडाने पुसलं. आकडा दिसत होता. मी बघितला, आणि काही न बोलता खणात टाकणार, एवढ्यात ती आली. त्याची बहीण. मागे दाजी, पायरीवरच थांबला.

ती म्हणाली, "वाचा. तो नेहमी वाचायचा."

बाईंच्या घरापर्यंत वीस. तिथून परत मोरीपर्यंत आठ. अठ्ठावीस असायला हवं होतं. मी म्हटलं, पाणी शिरलंय, काही खरं नाही त्याचं.

"वाचा."

"बावन्न," मी म्हणालो.

तिने दाजीच्या सायकलवरचं मीटर काढून आणलं होतं. पदरात गुंडाळून. ते काउंटरवर ठेवलं. चाळीस. घर ते घर. तेवढं तर बरोबरच होतं.

मग ती हिशेब करत उभी राहिली. ओठ हलत होते. वेळ लागला नाही. चाळीस म्हणजे घर. वरचे बारा कुठले, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तोच ओरडला होता, बरोब्बर बारा.

ती म्हणाली, "म्हणजे आला होता तो. दारापर्यंत आला होता."

दाजी पायरीवर उभा होता, चौकटीला धरून. ती वळली, त्याच्यासमोर गेली. ओरडली नाही. साधंच बोलली, भाजी संपली म्हणावं तसं.

"तुम्ही वळून बघितलं नाहीत. मग तो एकटाच परत गेला."

मीटर माझ्या खणात आहे. दुसऱ्या चाकावर लावून, किलोमीटरच्या दगडाशी ताडून बघितलं मी. अजून अचूक चालतं. बावन्नच्या पुढे मोजतं.

चला. दिवा मालवा. आणि उद्या घंटी.